थंड तळहाताचा माणूस पाहिजे

दिवाळीच्या फराळाला यंदा आपलाही हातभार लागावा, या निष्पाप इच्छेपायी मी लातूरच्या घरी मसाल्याचे चॉकलेट ट्रफल करायचे ठरवले. ट्रफल हे मुळात जमिनीखाली वाढणाऱ्या आणि कुत्र्यांना माग काढायला लावून उकरून काढाव्या लागणाऱ्या एका महागड्या बुरशीचे नाव असून, कोकोच्या भुकटीत घोळलेली चॉकलेटची ओबडधोबड गोळी तशीच मातकट दिसते म्हणून तिलाही ते चिकटले, ही माहिती मी आईला हौसेने पुरवली. सोऱ्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "म्हणजे बुरशी करायलास. ते बी सणाला."

कृती वाचताना पोरखेळ वाटली होती. 400 ग्रॅम गडद चॉकलेट बारीक चिरायचे, 200 ग्रॅम क्रीम उकळीच्या बेतात आणून त्यावर ओतायचे, ढवळायचे आणि गार झाल्यावर वळायचे. मी दालचिनी, सुंठ, वेलदोडा आणि जायफळ खलबत्त्यात कुटू लागलो, तेव्हा "मसाल्याचंच करायचंय तर येसर बी घाल चमचाभर," अशी सूचना आली. ती मी ऐकलीच नाही.

जास्तीचे शहाणपण म्हणून मी चॉकलेट आधीच उकळत्या पाण्यावरच्या पातेल्यात वितळवायला ठेवले आणि झाकणाची वाफ थेंब-थेंब त्यात पडली. क्षणापूर्वी काकवीसारखे वाहणारे चॉकलेट पिठल्याच्या गुठळ्यांसारखे आवळून बसले, कारण त्यातली साखर आणि कोको तेवढ्याशा पाण्याला धरून एकमेकांना चिकटतात. गंमत अशी की थोड्या ओलाव्याने रुसलेले हे प्रकरण भरपूर गरम क्रीम ओतल्यावर मुकाट्याने निवळले. आमच्या घरातली काही माणसेही याच स्वभावाची आहेत.

खरी परीक्षा वळण्याची होती. पाकातल्या रव्याचा लाडू हात भाजत असताना वळावा लागतो, उशीर केला की रवा परातीत मोकळा होतो. ट्रफलचे नेमके उलटे, कारण कोकोचे लोणी सुमारे 34 अंशांना वितळते आणि आपले शरीर 37 अंशांवर असते, त्यामुळे मी जितक्या जिव्हाळ्याने गोळी वळत होतो, तितकी ती माझ्या कोपराकडे ओघळत होती. मिश्रण पुन्हा फ्रिजमध्ये ठेवले आणि वीज गेली. ऑक्टोबरची दुपार, बंद पंखा आणि मनगटापर्यंत चॉकलेट, अशा अवस्थेत मी कपाळाचा घाम पुसला, हे सांगायला नको होते.

"डबा माठाखालच्या वल्या वाळूत ठेव," आई म्हणाली. माठ पाझरतो, ते पाणी हवेत उडताना उष्णता घेऊन जाते, हे मी शाळेत शिकलो होतो. तिने ते वापरले. तासाभराने मिश्रण अगदी घट्ट नाही, पण वळण्याजोगे झाले. मग तिने माठातल्या पाण्यात हात बुडवून गार केले, पदराला खडखडीत पुसले आणि अर्ध्या तासात 40 गोळ्या एका मापाच्या वळून टाकल्या. सवयीने प्रत्येकीवर एकेक बेदाणाही दाबला. मी कोकोची चाळणी धरून उभा होतो.

पाडव्याला शेजारच्या काकूंनी एक गोळी तोंडात टाकली, बराच वेळ विचारपूर्वक चघळली आणि म्हणाल्या, "सुंठीचे लाडू चांगले झालेत अक्का, पण जरा करपले का?"

"पहिलीच खेप हाय त्याची," आई म्हणाली.