डीपार्स-सब्स्टिट्यूट ‘कुठेही’ चालत नाही

‘आर’ ही आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ठाणे-नवी मुंबईत एक टीप फिरतेय: “फंक्शनच्या आत आर्ग्युमेंटचं नाव हवंय? डीपार्स(सब्स्टिट्यूट(क्ष)) लिहा, कुठेही चालतं. फक्त पहिल्याच ओळीत लिहा, क्ष एकदा वापरला की नाव जातं. सगळीच आर्ग्युमेंट्स हवी असतील तर मॅच.कॉल.” माझ्याकडे ती तीनदा आली, त्यातली एक ऐरोलीच्या ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरून. (फंक्शन म्हणजे नाव दिलेलं काम, आर्ग्युमेंट म्हणजे त्याला कामासाठी दिलेली वस्तू. कोड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन.)

आधी ‘कुठेही चालतं’, कारण तिथेच मी तोंडघशी पडलोय.

सब्स्टिट्यूट नाव शोधत नाही. फंक्शन बोलावलं की आर त्याच्या हातात लगेच किंमत ठेवत नाही, ‘प्रॉमिस’ ठेवतं. प्रॉमिस म्हणजे वाण्याकडे धाडलेली चिठ्ठी: काय हवंय आणि ते कुठल्या घरचं. सब्स्टिट्यूट ती चिठ्ठी वाचतं, डीपार्स तिचा मजकूर (स्ट्रिंग) करतं, बस. म्हणजे चिठ्ठी ज्याने लिहिली त्याचेच शब्द मिळणार.

माझ्याकडे मासुंदा, उपवन आणि कचराळी या तळ्यांच्या पाण्याची तीन टेबलं होती. आलेख काढून त्याला याच युक्तीने शीर्षक देणारं ‘आलेख’ हे फंक्शन मी लिहिलं होतं. आलेख(मासुंदा) लिहिलं, शीर्षक ‘मासुंदा’ आलं. झकास. मग शहाणपणा करून तिन्ही टेबलं एका लिस्टमध्ये घातली आणि लॅप्लाय(तळी, आलेख) चालवलं, म्हणजे लिस्टमधल्या प्रत्येक टेबलावर आलेख. तिन्ही आलेखांवर ‘एक्स[[आय]]’! चिठ्ठी लॅप्लायने लिहिली होती, त्याच्या घरात टेबलाला तेच म्हणतात. अहवाल नावाच्या फंक्शनच्या आत आलेख(टेबल) लिहिलंत तर शीर्षक ‘टेबल’ येईल, बाहेरून मासुंदा दिलेलं असलं तरी. सगळ्यात वाईट डू.कॉल, म्हणजे आर्ग्युमेंट्स लिस्टमध्ये भरून फंक्शन बोलावणं. डू.कॉल(आलेख, लिस्ट(मासुंदा)) यात चिठ्ठीऐवजी अख्खं पोतंच दुकानात जातं. शीर्षकाच्या जागी ‘स्ट्रक्चर(लिस्ट(’ पासून पुढे सगळे आकडे छापले गेले, आणि ते पान मी न बघता पुढे पाठवलं होतं. साहेब फक्त “हे काय?” एवढंच म्हणाले.

पाइपचंही तेच (पाइप म्हणजे डावीकडची वस्तू उजवीकडच्या फंक्शनला देणारं चिन्ह). मॅग्रिटर पॅकेजच्या जुन्या पाइपमधून गेलात तर नावाच्या जागी नुसता टिंब मिळतो. २०२१ च्या ४.१.० आवृत्तीत आलेला आरचा स्वतःचा पाइप मात्र वाचतानाच साधा कॉल, म्हणजे आलेख(मासुंदा), होऊन जातो, त्यामुळे तिथे ‘मासुंदा’ नीट येतं.

ही युक्ती टाकाऊ नाही. आरचं आलेख काढणारं प्लॉट हे फंक्शन स्वतः अक्षांची नावं अशीच मिळवतं. पण माणसाने थेट हाताने लिहिलेल्या कॉलपुरतीच ती भरवशाची.

आता पहिल्या ओळीचं. वाण्याने माल दिला तरी चिठ्ठी तारेला टोचलेली राहते. क्ष दहा वेळा वापरा, सरासरी काढा, मग सब्स्टिट्यूट करा, नाव तसंच मिळेल. नाव जातं ते क्षला नवी किंमत दिल्यावर. क्ष <- क्ष / १०० केलंत की प्रॉमिस गेलं, मग सब्स्टिट्यूट थेट आकडे देतं. सल्ला निरुपद्रवी आहे, पण त्यामागे दिलेलं कारण चुकीचं आहे. ते चुकीचं कारण कुठे चावतं ते शेवटी सांगतो.

मॅच.कॉल ‘सगळी’ आर्ग्युमेंट्स देत नाही. कॉलमध्ये दिलेली तेवढीच देतं, डीफॉल्टवर (न दिल्यास धरायच्या किमतीवर) सोडलेली वगळतं. फंक्शनच्या व्याख्येतली सगळी नावं हवीत तर फॉर्मल्स. (‘आर्ग्युमेंटचं नाव’ म्हणताना त्या टिपेला व्याख्येतला क्ष म्हणायचाय की बाहेरचा मासुंदा, हेही तिलाच ठाऊक.)

शिवाय लांब सूत्र दिलंत तर डीपार्स त्याचे तुकडे करतं. मर्यादा साधारण ६० रोमन अक्षरांची, आणि शीर्षकाला एकाऐवजी दोन-तीन स्ट्रिंग मिळतात. २०२० च्या ४.० पासून डीपार्स१ आहे, ते एकच ओळ देतं.

मी आता आलेखाला शीर्षक हे वेगळं आर्ग्युमेंट ठेवतो, डीफॉल्ट डीपार्स१(सब्स्टिट्यूट(क्ष)). लॅप्लाय टेबलांवर न फिरवता नेम्स(तळी) वर, म्हणजे लिस्टमधल्या नावांवर, फिरवतो आणि शीर्षक हाताने देतो. फक्त डीफॉल्टही आळशीच असतं, ते मागितल्यावरच मोजलं जातं. ते चुकीचं कारण चावतं ते इथे: आत आधी क्ष बदललात आणि शीर्षक नंतर वापरलंत, तर पुन्हा आकड्यांचा ढीग. म्हणून माझी पहिली ओळ असते फोर्स(शीर्षक), म्हणजे शीर्षक तिथल्या तिथे मोजायला लावणं.