अभिप्रायात एक तारा देणाऱ्या ग्राहकांना उत्तर: गॅस, तीन तास आणि समई

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: सर्व्हिसिंग करून आठ दिवस होत नाहीत तोच एसी गार करीना. पुन्हा बोलावल्यावर ‘गॅस गेलाय’ म्हणून ४,२०० रुपये घेतले. दुसरा माणूस वीस मिनिटांत दीड हजारात गॅस भरून देत होता, आमच्या मुलांनी तीन तास घालवले. आणि वर देवघरातली समई विझवायला लावली.

समईचे आधी. ‘विझवा’ हा शब्द चुकलाच, ‘शांत करा’ म्हणायला हवे होते. त्याबद्दल क्षमा मागतो. सांगितले ते मात्र बरोबर होते. तुमच्या मशीनमध्ये आर-३२ गॅस आहे. तो सावकाश का होईना, पेट घेतो. हवेपेक्षा जड असल्याने गळला की खाली बसतो, आणि समई जमिनीवरच असते. अख्खी खोली पेटेल असे नाही: पाटीवर लिहिलेला पूर्ण गॅस ८५० ग्रॅम. तो १० बाय १२ च्या खोलीत सगळा पसरला तरी घनमीटरला २५ ग्रॅमच होतो, पेटायला ३०० च्या वर लागतो. धोका असतो तो नट सैल करताना, अगदी त्या तोंडाशी, गॅस पसरण्याआधी. शिवाय तो ज्वाळेत सापडला की हायड्रोजन फ्लोराइडची विषारी वाफ तयार होते. म्हणून खिडक्या उघड्या आणि दिवा शांत.

आता गॅस. एसीतला गॅस चालवून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. तुमच्याकडे आतल्या कॉइलच्या सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांवरच बर्फ होता, बाकी कॉइल कोरडी. फिल्टर चोंदला असता तर बर्फ सगळ्या कॉइलवर पसरला असता. त्यामुळे ‘पुन्हा धुऊन द्या’ या तुमच्या आग्रहाला मुलांनी मान दिला नाही.

तीन तास कुठे गेले? एमसीबी पाडल्यावर पहिली दहा मिनिटे नुसते थांबायचे. इन्व्हर्टर एसीच्या बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी उरतो. मीटर लावून तो उतरल्याची खात्री केल्याशिवाय झाकणात हात घालायचा नाही. मग उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढला. नंतर कोरडा नायट्रोजन ४०० पीएसआय दाबापर्यंत भरून गळती शोधायला साबणाचे पाणी लावले. इथे ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

गळती दोन ठिकाणी सापडली. एक बाहेरच्या युनिटच्या यू-बेंडवर, म्हणजे नळीच्या वळणावर, हिरवट डाग पडलेला. तुमची बाल्कनी समुद्राच्या तोंडावर आहे. खाऱ्या वाऱ्यात तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जिथे टेकतात तिथे आधी पट्ट्यांचा भुगा होतो, पाठोपाठ नळीही खाल्ली जाते. पणजीच्या मिरामार-करंझाळे पट्ट्यात हे नेहमीचे. ते आठ दिवसांत झालेले नाही. तिथे नळीतून नायट्रोजन हळू सोडत ब्रेझिंग केले (धातू वितळवून सांधा भरला), नाहीतर नळीच्या आत काजळी धरते आणि ती पुढे बारीक वाटेत अडकते.

दुसरी गळती आतल्या युनिटच्या अर्ध्या इंची फ्लेअर नटावर (नळीचे पसरट केलेले तोंड, म्हणजे फ्लेअर, आवळून धरणारा नट). धुताना आमच्याच मुलांनी ते युनिट पुढे ओढले होते, तेव्हा पाइपला पीळ बसला असणे शक्य आहे. नट आधीपासून ढिला होता असे म्हणून मोकळे होता येईल, पण ते सिद्ध करता येणार नाही. सर्व्हिसिंगच्या दिवशी आत ओढली जाणारी आणि जाळीतून येणारी हवा यांच्या तापमानातला फरक कार्डावर लिहायला हवा होता, तो रकाना कोरा आहे. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत ८ अंशांचा फरकही चालतो, ५ असता तर त्याच दिवशी कळले असते. ही चूक आमची. आता फ्लेअर नवा काढून टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळला आहे: अर्ध्या इंचीला ५० ते ६० न्यूटन-मीटर, पाव इंचीला १४ ते १८. नुसत्या पान्याने जोर काढला तर फ्लेअर चिरतो.

शेवटी व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढणे. आतला दाब ५०० मायक्रॉनखाली येईपर्यंत पंप चालवला, मग बंद करून काटा चढतो का ते पाहिले. आपल्या पावसाळी हवेतला ओलावा आत राहिला तर कंप्रेसरचे तेल तो शोषते आणि आम्ल धरते. वीस मिनिटांचा सौदा इथेच वेळ वाचवतो: गळती तशीच, व्हॅक्यूम नाही, गेज बघून अंदाजाने गॅस. आर-३२ हे मिश्रण नाही, त्यामुळे वरून भरणे तत्त्वतः चालते. पण आत किती उरलाय हे गेज सांगत नाही, म्हणून रिकामे करून वजनकाट्यावर ८५० ग्रॅम भरले. एक धोका आणखी: हवा आत राहिलेल्या मशीनचा पंप डाऊन करताना, म्हणजे मशीन चालवून सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करताना, कंप्रेसर फुटू शकतो. पुढे घर बदलताना एसी काढून घ्याल, तेव्हा हे लक्षात असू द्या.

बिल असे होते: गॅस २,०००, ब्रेझिंग १,६००, फ्लेअर ६००. ही फोड तुम्हाला दिलीच नव्हती, चिडणे साहजिक आहे. फ्लेअरचे ६०० आणि गॅसचे निम्मे, असे १,६०० रुपये परत करतो. ब्रेझिंगचे पैसे ठेवतो, ते काम वाऱ्याचे.

गणेश चवथीच्या आधी एकदा येऊन गळती आणि तापमान तपासून जाऊ, पैसे लागणार नाहीत. तोवर बाहेरच्या युनिटवर महिन्यातून एकदा, एमसीबी पाडून, साध्या नळाचे गोडे पाणी हलक्या धारेने सोडा. प्रेशर पंप नको, पट्ट्या वाकतात. विजेचे झाकण आहे त्या बाजूला पाणी अजिबात नको.