/बिन कुणी पळवलेलं नाही

मेहुणा एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, सगळ्या मशीनवर डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. काल त्याने एक फॉरवर्ड धाडला: "नव्या डेबियनने /बिन आणि /लिब काढून टाकले. जुन्या स्क्रिप्ट बंद पडणार. सगळा रेड हॅटचा डाव. उपाय: रूट होऊन /लिब आणि /लिब६४ या लिंक उडवा, त्याच नावाचे खरे फोल्डर बनवून फाइली कॉपी करा." (/बिन म्हणजे कमांडचं फोल्डर, /लिब आणि /लिब६४ म्हणजे प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामायिक फाइलींचे; लिंक म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे नेणारी पाटी; रूट म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता; रेड हॅट ही लिनक्सवाली कंपनी.) खाली विचारतोय, "दाजी, करू का?"

अजिबात नको!

बाकीचं नुसतं अज्ञान आहे, हा उपाय मात्र घातक. ६४-बिट मशीनवर जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम सुरू करताना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, /लिब६४ मधला लोडर शोधतो; प्रोग्रॅमला लागणाऱ्या फाइली जोडून देणारा तो हा लोडर. लिंक गेली की लोडर सापडत नाही. मग फाइलींची यादी दाखवणारं 'एलएस' मारा, फाइल सापडत नाही असं उत्तर येतं, आणि 'एलएस'ची फाइल तर जागच्या जागी असते. 'सीडी', 'एको' तेवढे चालतात, कारण ते शेलच्याच, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमच्याच, पोटात असतात. रूटचे अधिकार देणारं 'सुडो' गेलं, कॉपी करणारं 'सीपी' गेलं, फोल्डर बनवणारं 'एमकेडीआयआर'ही गेलं. म्हणजे पहिली पायरी केली की दुसरी करताच येत नाही! लिहिणाऱ्याने स्वतः करून पाहिलं असतं तर हा मेसेज आलाच नसता. पुढे लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून मशीन सुरू करता येते अशी पेनड्राइव्ह) घेऊन एकेका मशीनपुढे बसायचं.

/बिन काढलेलं नाही. ती आता /यूएसआर/बिनकडे नेणारी लिंक आहे, त्यामुळे पहिल्या ओळीत /बिन/एसएच लिहिलेल्या स्क्रिप्ट पूर्वीसारख्याच चालतात.

रेड हॅटचा डाव? रेड हॅटच्या पाठबळावरच्या फेडोरा लिनक्सने हे २०१२ मध्ये केलं, ठीक. पण सोलारिस या जुन्या युनिक्समध्ये /बिन ही लिंक त्याच्या कितीतरी आधीपासून होती. आर्च या दुसऱ्या लिनक्सने २०१३ मध्ये केलं. डेबियनवाले तर वर्षानुवर्षं आपसात भांडले, प्रकरण त्यांच्या तांत्रिक समितीपुढे गेलं, आणि २०२३ च्या १२व्या आवृत्तीपासून हीच मांडणी सक्तीची झाली. डाव असा चालतो होय?

एक मात्र कबूल करावं लागेल. /लिब आणि /यूएसआर/लिब ही एकच जागा आहे हे डीपीकेजीला, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेज (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, कळत नव्हतं. एखादी फाइल एका पॅकेजमधून दुसऱ्यात गेली आणि त्याच वेळी तिचा पाथही (फोल्डरमधला पत्ता) बदलला, तर अपग्रेडमध्ये ती पुसली जाऊ शकत होती. डीपीकेजी सांभाळणाऱ्यांचा विरोध याचसाठी होता, आणि तो रास्तच होता. म्हणून १२व्या आवृत्तीपर्यंत अशा फाइली हलवायला मनाई होती. २०२५ च्या १३व्या आवृत्तीत पॅकेजांच्या आतले पाथच /यूएसआरखाली नेले, तेव्हा कुठे हा गुंता सुटला.