धुतलंत की बुडालात

बेसबॉलच्या मैदानावर वापरलेल्या वस्तू जमवायचं ठरवलंत ना? मग पहिलं काम करा. घरातलं वॉशिंग मशीन विकून टाका. तुम्ही डॅलसला राहत असा नाहीतर डोंबिवलीला, या छंदात साबणाइतकी घातक वस्तू दुसरी नाही. आग लागली तर निदान विम्याचे पैसे मिळतात. डाग गेला की काहीच मिळत नाही.

अडचण तुमची नाही, संस्कारांची आहे. वापरलं की वस्तूचा भाव उतरतो, हे आपल्याला बाळकडूत पाजलेलं असतं. जुनी गाडी विकताना आपण ‘एकच मालक, डॉक्टरांची, शनिवार-रविवारच बाहेर काढलेली’ असं लिहितो. बेसबॉलच्या बाजारात अशी जाहिरात दिलीत तर कुत्रंही विचारणार नाही. तिथे लिहायचं असतं: रोज घासलेली, तीन ठिकाणी फाटलेली, मालकाच्या घामाचे डाग शाबूत. कोऱ्या जर्सीला दुकानात शंभर-दोनशे डॉलर पडतात. तीच जर्सी घालून योग्य माणूस योग्य दिवशी धुळीत लोळला, तर तिची किंमत विचारायच्या आधी तुम्हाला खाली बसवून पाणी देतात.

उदाहरण म्हणून बेसबॉलमधला दंतकथा झालेला फलंदाज बेब रूथ याचा शर्ट घेऊ. १ ऑक्टोबर १९३२, शिकागोचं रिग्ली फील्ड, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना, पाचवी इनिंग, धावा ४-४. समोर पिचर, म्हणजे त्यांच्यातला गोलंदाज, चार्ली रूट, भोवती शिव्या घालणारे शिकागोकर. रूथने हात वर करून कुठेतरी बोट दाखवलं आणि मग चेंडू थेट मधल्या स्टँडमध्ये टोलवला. होमरन, म्हणजे त्यांच्यातला षटकार. त्या दिवशी त्याच्या अंगावर असलेला न्यूयॉर्क यांकीजचा करडा शर्ट ऑगस्ट २०२४ मध्ये डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलरला गेला. म्हणजे आपले साधारण दोनशे कोटी रुपये. शर्टाला बाह्या दोनच आहेत, हे जाता जाता सांगून ठेवतो.

गंमत पुढे आहे. हाच शर्ट २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरला विकला गेला होता. मधल्या वर्षांत तो कोणी घातला नाही, त्यात कोणी होमरन मारला नाही. मग झालं काय? एक तर जुन्या वस्तूंमागे पैसेवाले हात धुऊन लागले. (धुण्याचा एवढा एकच प्रकार या धंद्यात चालतो.) आणि दुसरं, जाणकारांनी भिंग घेऊन त्या दिवसाच्या फोटोंशी शर्ट जुळवला. छातीवरचं अक्षर गुंडीपासून किती अंतरावर, शिवण कुठे वाकडी, असं सगळं बघून ‘हाच तो’ असा निर्वाळा दिला. शिंप्याने १९३२ साली अक्षरं जरा नीट, एकसारखी लावली असती तर शर्ट ओळखता आला नसता. तेव्हा शिंप्याच्या आळसालाही या धंद्यात भाव असतो, हे लक्षात असू द्या.

आणि रूथने बोट खरंच स्टँडकडे दाखवलं होतं का? ते अजून कोणी छातीठोकपणे सांगत नाही. चार्ली रूट मरेपर्यंत म्हणत राहिला की तसं काही झालंच नाही, झालं असतं तर पुढचा चेंडू मी त्याच्या अंगावर घातला असता. प्रेक्षकांपैकी एकाने हौसेने काढलेली फिल्म आहे. तिच्यात हात वर जाताना दिसतो, पण तो मैदानाबाहेरच्या स्टँडला उद्देशून की तोंड सोडणाऱ्या विरोधी खेळाडूंना, ते तिच्यावरून ठरत नाही. दोनशे कोटी देणाऱ्याला याची चिंता नसावी. तुम्हीही करू नका. गोष्ट पक्की असली तर वस्तूला भाव येतो. गोष्टीवरून भांडण असलं तर भाव वाढतो.

आता बॅटकडे वळू. ही बाब हळूहळू समजून घ्यायची आहे. न्यू जर्सीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेल्या प्रदर्शनात एका विक्रेत्याने माझ्यासमोर एक बॅट टेबलावर ठेवली. नवजात बाळ ठेवावं तशी. मुठीकडचा भाग काळपट चिकट, पाइन टारने (पकड घसरू नये म्हणून लावायच्या चिकट डांबराने) माखलेला, आणि त्या चिकटात माती बसलेली. जाड भागावर चेंडूच्या शिलाईचे ठसे लाकडात रुतलेले. एके ठिकाणी चेंडूवरच्या छापाची निळी शाई उमटलेली. एका बाजूला आडव्या पुसट रेघा. त्या बॅटा ठेवायच्या रॅकच्या रंगाच्या. खालच्या बाजूला छोटे खड्डे. खेळाडू बुटाच्या खिळ्यांतली माती झाडायला बॅट बुटावर आपटतो, त्याच्या खुणा. मुठीच्या टोकावर मार्करने खेळाडूचा नंबर. आणि मुठीच्या वर केसासारखा बारीक तडा गेलेला. तो प्रत्येक खुणेवर बोट न लावता बोट दाखवत होता. मी किंमत विचारली. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि मग शेजारच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

आपल्याकडे तडा गेलेली बॅट धुणं बडवायला जाते. तिथे तडा म्हणजे दाखला: ही सामन्यात मोडली, गोदामात नाही. बॅटांना दहापैकी गुण देणारे तज्ज्ञ असतात आणि वर सांगितलेल्या एकेका डागावर ते गुण वाढवत जातात. सगळ्यात मजेची गोष्ट कारखान्यातली. जुन्या काळी खेळाडूला बॅट पसंत पडली आणि ती मोडली, की तो ती केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्याला परत पाठवायचा, ‘अशीच अजून करून द्या’ म्हणून. तिथला कामगार घोटाळा होऊ नये म्हणून बॅटच्या अंगावर पेन्सिलीने खेळाडूचं नाव आणि तारीख खरडून ठेवायचा. त्याचा हिशेब संध्याकाळपर्यंतचा होता. आज ते खरडणं असलं तर संग्राहक गहिवरतात. तेव्हा तुमच्या घरी आलेल्या प्लंबरला भिंतीवर आकडे लिहू नका म्हणून ओरडताना जरा पुढचा विचार करा.

पाइन टारचंही तसंच. नियम असा की मुठीच्या टोकापासून अठरा इंचांपलीकडे ते लावायचं नाही. २४ जुलै १९८३ ला कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने न्यूयॉर्कमध्ये होमरन मारला आणि पंचांनी बॅट मोजून, चिकट फार वर गेलंय म्हणून त्याला बाद दिलं. तो डगआउटमधून, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बैठकीतून, ज्या आवेशात धावून आला, ते अमेरिका अजून बघते. पुढे अपिलात होमरन कायम झाला. बॅट आता कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या संग्रहालयात आहे, चिकटासकट.

पण नुसता डाग असून भागत नाही. डाग कोणी पाडला याला साक्षीदार लागतो. १९९० च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम काढली, तेव्हा खोट्या सह्यांचे कारखानेच सापडले. एका टोळीच्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा होते. कोलकात्यात त्या कोणत्या पोझिशनला खेळत, हे गिऱ्हाइकांनी विचारलं नसावं. या सगळ्यानंतर २००१ पासून मेजर लीग बेसबॉलने स्वतःची खात्री-व्यवस्था सुरू केली. प्रत्येक सामन्याला एक माणूस हजर असतो, बहुतेक आजी-माजी पोलीस. तीस वर्षं पुरावा जपण्यात घालवलेला हा माणूस आता कडेला बसून कुठला चेंडू कुठल्या बादलीत पडला ते बघत असतो. वस्तू त्याच्या नजरेसमोरून आली तरच तो तिच्यावर नंबर असलेला होलोग्राम चिकटवतो. तो नंबर संगणकावर टाकलात की कुठला सामना, कुठली इनिंग, कोणी टाकला, कोणी सोडला, सगळं येतं. आपल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर एवढी माहिती असती तर निम्मी दिवाणी न्यायालयं ओस पडली असती.

चेंडूच्या बाबतीत एक खबरदारी. चेंडूवर माती दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. नवा चेंडू गुळगुळीत असतो, म्हणून सामन्याआधी तो मुद्दाम चिखलाने चोळतात, आणि तोही हवा तो चिखल चालत नाही. न्यू जर्सीत डेलावेअर नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठून, जागा गुपित ठेवून, तो काढतात. म्हणजे चेंडू मैदानात उतरतो तोच मळून. त्यातली कोणती माती सरकारी आणि कोणती पराक्रमाची, हे ओळखायला तुम्हाला पुन्हा त्याच पोलिसाकडे जावं लागेल.

स्टँडमध्ये बसून चेंडू फुकट झेलू, असा बेत असेल तर वकील सोबत न्या. ७ ऑक्टोबर २००१ ला बॅरी बाँड्सचा त्या मोसमातला विक्रमी ७३ वा होमरन सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टँडमध्ये आला. एकाच्या ग्लोव्हला लागला, त्याच्यावर गर्दी कोसळली, आणि चेंडू निघाला दुसऱ्याच्या हातात. वर्षभर खटला चालला. झेलणं म्हणजे काय, ताबा म्हणजे काय, यावर कायद्याच्या प्राध्यापकांनी मतं मांडली. न्यायाधीशांनी शेवटी चेंडू विकून पैसे निम्मे-निम्मे करा म्हणून सांगितलं. दहा लाख डॉलरच्या वर जाईल म्हणत होते, तो गेला साडेचार लाख डॉलरला. दोघांपैकी एकाच्या वकिलाचं बिल त्याच्या वाट्यापेक्षा मोठं निघालं. भाऊबंदकीत बांध कोरणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं, परकं वाटणार नाही.

बरं, झेललात आणि मोठ्या मनाने खेळाडूला परत दिलात, तरी सुटका नाही. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरच्या विक्रमी होमरनचा चेंडू परत करणाऱ्याला भेट-कर लागू शकतो, असं अमेरिकेच्या आयकरवाल्यांच्या प्रवक्त्याने बोलून दाखवलं. देशभर आरडाओरडा झाला, तेव्हा त्यांच्या प्रमुखांना खुलासा करावा लागला. आणि २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडून जपानी खेळाडू शोहेई ओहतानीने मारलेल्या पहिल्या होमरनचा चेंडू एका बाईंच्या हाती लागला, तर त्यांना मिळाल्या सह्या केलेल्या दोन टोप्या, एक बॅट आणि एक दुसरा चेंडू. घरी नेलात तर होलोग्राम मिळणार नाही असं आम्हाला सांगण्यात आलं, असं त्या जोडप्याने पत्रकारांना सांगितलं. ओहतानीचा त्याच मोसमातला पन्नासावा होमरन मायामीत ज्याच्या हाती लागला, त्याने चेंडू दिला नाही. तो लिलावात ४३ लाख ९२ हजार डॉलरला गेला. त्यावरही कोर्टकचेरी झालीच. दोन टोप्या घ्यायच्या की समन्स, ते तुमचं तुम्ही ठरवा.

भाव टिकतो का, असा मराठी प्रश्न तुम्ही विचारणारच. मॅग्वायरच्या १९९८ च्या मोसमातल्या विक्रमी ७० व्या होमरनचा चेंडू १९९९ मध्ये कॉमिक्सवाले टॉड मॅकफार्लेन यांनी ३० लाख ५ हजार डॉलरला घेतला. २००१ मध्ये बाँड्सने तो विक्रम मोडला. २०१० मध्ये मॅग्वायरने स्टिरॉइड घेत होतो अशी कबुली दिली. चेंडूत काडीचाही फरक पडलेला नाही, टाकेही तेवढेच आहेत. (या मॅकफार्लेन यांनी बाँड्सचा तो भांडणातला ७३ वा चेंडूही घेतला, त्यालाही स्टिरॉइडचं ग्रहण लागलं. असा एखादा मामा प्रत्येकाच्या घरात असतो.)

फार महाग वाटत असेल तर लहानापासून सुरुवात करा. लुइस गॉन्झालेझ या खेळाडूने चघळून टाकलेलं च्युइंगगम २००२ मध्ये दहा हजार डॉलरला गेलं. पैसे एका शाळेला मिळाले. ते त्याचंच कशावरून, असा वाद निघाला तेव्हा त्या भल्या माणसाने साक्षीदारांसमोर दुसरं चघळून दिलं. जुन्या काळचा खेळाडू टाय कॉब याची कवळी १९९९ मध्ये ७,४७५ डॉलरला विकली गेली. पिचर जेफ नेल्सनने आपल्या कोपराच्या ऑपरेशनमधले हाडाचे तुकडे ई-बेवर ठेवले, तेव्हा मात्र शरीराचे भाग विकता येत नाहीत म्हणून ते उतरवले गेले. कवळी चालते, हाड चालत नाही. सीमारेषा ध्यानात ठेवा.

आपल्या क्रिकेटकडे वळू नका, हातात फार काही लागत नाही. वानखेडेवर २०११ चा विश्वचषक जिंकून देणारा षटकार ज्या बॅटने मारला, ती धोनीची बॅट त्याच वर्षी लंडनच्या लिलावात एक लाख पौंडांना गेली, आणि तेवढ्या किमतीवर क्रिकेटच्या बॅटेचा विक्रम झाला. रूथच्या शर्टाची एक गुंडीही त्यात बहुधा आली नसती.

अख्खा शर्ट परवडत नसेल तर चिंधी घ्या. २००३ मध्ये खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं छापणाऱ्या डॉनरस या कंपनीने रूथचा एक शर्ट २ लाख ६४ हजार २१० डॉलरला घेतला, कात्री आणली आणि त्याचे २,१०० तुकडे करून कार्डांत चिकटवले. आपली आजी असती तर पोतेरं केलं म्हणून पाठीत धपाटा मिळाला असता. हल्ली अशी कार्डं ढिगाने निघतात. घेताना मागची बारीक अक्षरं वाचू नका. तिथे बऱ्याचदा लिहिलेलं असतं की आतला तुकडा कुठल्याही विशिष्ट सामन्यातला किंवा मोसमातला नाही.

आणि शेवटचा प्रकार, वस्तू खाऊन टाकायचा. २००३ मध्ये शिकागो कब्ज हा संघ वर्ल्ड सिरीज गाठण्यापासून पाच गडी बाद करण्याइतका दूर होता, तेवढ्यात स्टँडच्या बाजूला आलेल्या एका चेंडूला हेडफोन लावलेल्या प्रेक्षकाचा हात लागला आणि कब्जचा झेल हुकला. पुढे डाव कोसळला, मोसम गेला. तो चेंडू शिकागोतल्या एका नामांकित रेस्टॉरंटने १ लाख १३ हजार डॉलरहून जास्त मोजून घेतला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर स्फोटाने उडवला. पीडा टळावी म्हणून. उरलेल्या चिंध्या पुढच्या वर्षी पाण्यात, बिअरमध्ये आणि व्होडकात उकळल्या, वाफ धरून थंड केली आणि पास्त्याच्या सॉसमध्ये घातली. लोक जेवून गेले. त्या दिवसांत तिथे जेवलेला कोणी तुमच्या ओळखीत निघाला आणि त्याच्या शर्टावर सॉस सांडलेला असेल, तर बाकीच्या चौकश्या मागाहून. शर्ट धुतला का, एवढं आधी विचारा.