स्पेलिंग जुळलं म्हणजे यमक जुळलं, असं नाही

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर राइमिंग वर्ड्सची यादी फिरू लागते. यादी बदलते, तिच्याबरोबरचे दावे तेच राहतात. एक, ज्या इंग्रजी शब्दांच्या शेवटी सारखं स्पेलिंग असतं ते राइमिंग वर्ड्स. दोन, ऑरेंज, सिल्व्हर, पर्पल आणि मंथ हे चारच शब्द असे आहेत की ज्यांना इंग्रजीत यमक नाही. तीन, इंग्रजी उच्चारांना कसलाच नियम नाही, ‘बट’ आणि ‘पुट’ बघा, तेव्हा घोकंपट्टीला पर्याय नाही. आणि चार, रोज दहा जोड्या अर्थासकट पाठ करून घ्या, वर्षभरात मूल फाडफाड इंग्रजी बोलेल.

यादी पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हे चारही दावे चुकीचे आहेत आणि त्यांचा भुर्दंड पहिली-दुसरीतली मुलं भरतात.

पहिला दावा सगळ्यात घातक, कारण तो नियमासारखा दिसतो आणि कॅट, हॅट, रॅट, मॅट असे शब्द घेतले की लागूही पडतो. आता पुढे चला. ‘कम’ आणि ‘होम’ या दोन्हींच्या शेवटी ओ-एम-ई आहे. जुळतात का? ‘लव्ह’, ‘मूव्ह’ आणि ‘स्टोव्ह’ तिन्ही ओ-व्ही-ई, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. ओ-एम-बी घ्या. कंगवा तो ‘कोम’, थडगं ते ‘टूम’ आणि बॉम्ब तो ‘बॉम’. शेवटचा बी तिन्हीत मुका आहे, त्याआधीचा स्वर मात्र प्रत्येकात वेगळा. ओ-यू-जी-एचचं कुटुंब तर याहून मोठं: ‘रफ’ म्हणजे खडबडीत, ‘कॉफ’ म्हणजे खोकला, ‘दो’ म्हणजे जरी, ‘थ्रू’ म्हणजे मधून आणि ‘बाउ’ म्हणजे झाडाची फांदी. पाच शब्द, शेवटची चार अक्षरं तीच, आणि एकाचंही दुसऱ्याशी यमक नाही.

उलट बाजूनं पाहा. याच ‘थ्रू’शी ‘ब्लू’, ‘शू’, ‘टू’ आणि ‘फ्लू’ बिनतोड जुळतात, आणि सगळ्यांची स्पेलिंगं एकमेकांना ओळखतही नाहीत. आठ या अर्थाचा ‘एट’, फाटक या अर्थाचा ‘गेट’ आणि सरळ या अर्थाचा ‘स्ट्रेट’ एका माळेत बसतात. ‘बर्ड’, ‘वर्ड’ आणि ऐकलं या अर्थाचा ‘हर्ड’ तसेच. इंग्रजीत यमक ठरतं ते असं: शब्दात ज्या स्वरावर जोर पडतो, तिथून शेवटपर्यंतचा आवाज सारखा हवा आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं हवं. कागदावर काय लिहिलंय याचा यात काडीचाही संबंध नाही.

मी पाहिलेली एक उत्तरपत्रिका सांगते. दुसरीचा मुलगा, प्रश्न असा की अस्वलाच्या ‘बेअर’ला राइमिंग वर्ड लिहा. त्यानं ‘चेअर’ लिहिलं. लाल फुली. शेजारी बाईंनी बरोबर उत्तर म्हणून ‘इअर’ लिहून दिलं होतं, कारण उत्तरसूचीत दोन्हींच्या शेवटी ई-ए-आर होतं. ज्या मुलानं कान लावून शब्द शोधला त्याचा गुण गेला, आणि ज्यानं आवाजाकडे दुर्लक्ष करून अक्षरं उतरवली त्याला तो मिळाला असणार. अशा दोन-तीन फुल्या खाल्ल्या की मूल स्वतःच्या कानावर विश्वास ठेवणं सोडून देतं. माझा राग आहे तो यावर.

आपल्याकडे हा घोटाळा होतो यात नवल नाही. देवनागरीत लिहिलेलं आणि बोललेलं पुष्कळसं एकच असतं, त्यामुळे शेवट सारखा दिसला की सारखा ऐकूही येतो. पण मराठीतही यमक ओळखतो कानच. पावसाच्या बडबडगीतात पैसा ‘खोटा’ होतो आणि पाऊस ‘मोठा’ येतो. ट आणि ठ ही वेगळी अक्षरं आहेत म्हणून एकाही आजीनं ते गाणं आजवर थांबवलेलं नाही.

दुसरा दावा, त्या चार शब्दांचा. चारांपैकी तीन शब्दांना यमक आहे, फक्त ते शब्द रोजच्या बोलण्यात येत नाहीत. सिल्व्हरशी जुळतो ‘चिल्व्हर’, म्हणजे मेंढीचं मादी कोकरू. पर्पलशी जुळतो ‘हर्पल’, म्हणजे लंगडत चालणं, आणि ‘कर्पल’, म्हणजे घोड्याचं ढुंगण. हे दोन्ही शब्द स्कॉटलंडकडचे. ऑरेंजशी जुळतो ‘ब्लोरेंज’, हा वेल्समध्ये अॅबरगाव्हेनी गावाजवळचा साडेपाचशे मीटरहून उंच डोंगर आहे. डोंगराचं नाव चालत नसेल तर वनस्पतिशास्त्रातला ‘स्पोरेंज’ घ्या, म्हणजे बीजाणुधानी, नेच्याच्या पानामागे ज्यात बीजाणू तयार होतात ती पिशवी.

राहिला मंथ. प्रमाण इंग्रजीत त्याला खरोखरच चांगलं यमक नाही. आपल्या तोंडी मात्र तो ग्रंथ, पंथ, संथ यांच्याशी छान जुळतो, कारण आपण तिथे मराठी थ म्हणतो. इंग्रजांचा तो आवाज जिभेचं टोक दातांशी आणून हवा सोडत काढायचा असतो, म्हणून त्यांच्या कानाला हे यमक पटणार नाही.

आणि ‘चारच’ हेही खोटं. सहावा म्हणजे ‘सिक्स्थ’, बारावा म्हणजे ‘ट्वेल्फ्थ’, खोली म्हणजे ‘डेप्थ’, लांडगा म्हणजे ‘वुल्फ’, यांनाही रोजच्या वापरातलं यमक सापडत नाही. यात गूढ काही नाही. सिल्व्हर आणि पर्पलमध्ये जोर पहिल्या स्वरावर पडतो, म्हणून तिथून पुढचं सगळंच्या सगळं जुळावं लागतं. नुसता शेवटचा ‘व्हर’ जुळून भागत नाही. नदीचा ‘रिव्हर’ सिल्व्हरशी यमक साधत नाही तो याच कारणानं. सिक्स्थमध्ये शेवटी व्यंजनांची इतकी गर्दी आहे की तशी गर्दी असलेला दुसरा शब्दच मिळत नाही.

आता तिसरा दावा, आणि इथे मला सविस्तर बोलायचंय. बट आणि पुटच्या विनोदावर दोन पिढ्या हसल्या. पण इंग्लंडच्या उत्तर भागात, लीड्स-मँचेस्टरकडे जा. तिथल्या अस्सल बोलीत हे दोन शब्द आजही एकमेकांशी जुळतात! तिथे ‘बट’ म्हणतच नाहीत, ‘बुट’च्या जवळचा उच्चार करतात. पूर्वी सगळ्या इंग्लंडमध्ये तसंच होतं. सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडे तो ऱ्हस्व उ सुटत सुटत अ-सारखा झाला. जिथे शेजारी प, ब, फ अशी ओठांची व्यंजनं होती, तिथे पुष्कळदा तो गोल राहिला. म्हणून पुट, पुल, पुश, बुल, बुश, फुल. ‘बट’ मात्र याला जुमानला नाही, म्हणजे हा काटेकोर नियम नव्हे, कल आहे. पण कसलाच नियम नाही असं म्हणणं आणि हा कल दाखवणं यात फार अंतर आहे.

लव्ह, कम आणि मुलगा या अर्थाचा सन या शब्दांमधला ओ कुठून आला? मध्ययुगात हस्तलिखितं ज्या वळणात लिहीत, त्यात आय, एम, एन, यू ही सगळी अक्षरं म्हणजे उभ्या रेघांच्या ओळी असत. व्हीसाठीही यूचंच चिन्ह वापरत. यूच्या शेजारी एम किंवा एन आला की कुठलं अक्षर कुठे संपतं तेच कळेना. मग लेखनिकांनी वाचण्याच्या सोयीसाठी यूच्या जागी ओ घातला. उच्चार उ-सारखाच होता, अक्षर बदललं, आणि ते तसंच राहून गेलं.

‘फूड’, ‘गुड’ आणि ‘ब्लड’ या तिघांत डबल ओ आहे, कारण एके काळी तिघांतही एकच दीर्घ स्वर होता आणि ते एकमेकांशी जुळत होते. फूडचा स्वर दीर्घ राहिला, ब्लडचा आधी ऱ्हस्व झाला आणि पुढे अ-कडे गेला, गुडचा उशिरा ऱ्हस्व झाला म्हणून उ-वरच थांबला. जी-एचमागे तर खराखुरा आवाज होता, घशातून घासत येणारा ख-सारखा. तो काही शब्दांत विरून गेला, काहींत फ झाला. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली, आणि त्याच दोन-तीन शतकांत लोकांचे दीर्घ स्वर मात्र बदलत होते. शेक्सपिअर ‘लव्ह’चं यमक ‘प्रूव्ह’शी आणि ‘रिमूव्ह’शी जुळवतो. त्याच्या काळचे उच्चार अभ्यासणारे सांगतात की तेव्हा हे शब्द कानालाही जुळत असावेत. म्हणजे आज आपल्याला जो वेडेपणा वाटतो तो जुन्या उच्चारांचा शिल्लक राहिलेला पुरावा आहे. मुलांना हे गोष्टीसारखं सांगितलं तर आवडतं, आणि लक्षातही राहतं.

यमक गावागणिक बदलतं याचा दाखला तर आपल्या बालवाडीत रोज ऐकू येतो. एबीसीडीचं गाणं अमेरिकेतलं. तिथे शेवटचं अक्षर ‘झी’, म्हणून पुढे येणाऱ्या ‘मी’शी जुळतं. आपण ब्रिटिश पद्धतीनं ‘झेड’ म्हणतो आणि चाल तशीच ठेवतो, त्यामुळे तेवढी एक ओळ लोंबकळत राहते.

चौथा दावा पाठांतराचा. यमकाचा आणि वाचायला शिकण्याचा संबंध आहे, तो खरा आहे आणि भक्कम आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी सुमारे ४०० मुलांचा काही वर्षं माग ठेवून १९८३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. वाचायला येण्याआधी, चार-पाच वर्षांच्या वयात, ज्या मुलांना शब्दांमधले सारखे आवाज ओळखता येत होते, ती पुढे वाचनात सरस ठरली. त्यातल्या काही मुलांकडून आवाजांचा सराव करून घेतला, आणि ज्यांना त्याबरोबर प्लास्टिकची अक्षरं हाताळायला दिली त्यांची प्रगती सगळ्यात चांगली झाली. पण हा सराव ऐकण्याचा आणि वेगळं काढण्याचा होता. अर्थासकट याद्या घोकण्याचा नव्हता.

यादीत उलट अडचणच आहे. ‘हेअर’ म्हणजे केस, ‘फेअर’ म्हणजे जत्रा, ‘पेअर’ म्हणजे जोडी, ‘स्टेअर’ म्हणजे पायरी, असे चार नवे शब्द एका दमात दिले की मुलाच्या डोक्यात जत्रेला पायरी आणि जोडीला केस चिकटतात. आवाज सारखे, अर्थ नवे, धरून ठेवायला वाक्य नाही. ओळखीच्या एका शब्दाला एक नवा शब्द जोडावा, आणि तोही वाक्यात.

घरी करायचं असेल तर वही मिटा. पोळ्या लाटताना विचारा: कॅट, हॅट, पिन, यातला वेगळा कोण? मग अवघड करा: कम, सम, होम. मुलानं होम वेगळा काढला की तिघांची स्पेलिंगं त्याला लिहून दाखवा आणि तिन्हींच्या शेवटी तेच ओ-एम-ई आहे हे त्याचं त्यालाच सापडू द्या. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना आणि सरांना एकच विनंती आहे. उत्तरसूची बाजूला ठेवा, मुलानं लिहिलेली जोडी मोठ्यानं म्हणून बघा आणि मगच गुण द्या. ‘बेअर’ला ‘चेअर’ बरोबर आहे. ‘बेअर’ला ‘इअर’ चूक आहे.