रविवारी फिरवायची असेल, तर जोंगा घेऊ नका

पेट्रोल पंपावर जोंगा उभी केली की मला पूर्वी दोनच प्रश्न विचारले जात. पहिला, ‘काका, ॲव्हरेज किती देते?’ आणि दुसरा, ‘विकायची आहे का?’ पहिल्याचे उत्तर लिटरला पाच किलोमीटर आणि दुसऱ्याचे ‘नाही’. २०१९ साली महेंद्रसिंग धोनी यांच्या जोंगाची छायाचित्रे सगळीकडे झळकली, तेव्हापासून तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे: ‘मीपण एक घेऊ का? रोज नाही, रविवारी काढायला.’ हा प्रश्न इतक्यांदा आला आहे की एकदाच सविस्तर लिहून टाकावे, म्हणजे पुढच्या वेळी पंपावर मागच्या गाड्यांना हॉर्न वाजवावा लागणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साठच्या दशकातील निस्सान पॅट्रोल या जपानी गाडीवरून आपल्या लष्करासाठी जबलपूरला जी गाडी बनू लागली, ती जोंगा. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली या लांबलचक नावाची आद्याक्षरे जोडून ते नाव झाले आहे. एका रांगेत सहा सिलिंडर, ३,९५६ सीसी, पेट्रोल, ११० अश्वशक्ती. तिच्यावर रिकॉइललेस, म्हणजे डागताना मागे झटका न देणारी तोफ बसवत, तिची रुग्णवाहिकाही करत. १९९९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या लिलावातून बाहेर येत राहिल्या. देवळालीला तोफखान्याचे स्कूल आणि नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर असल्यामुळे आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही गाडी दुरून आवाजावरूनही ओळखता येते.

माझी जोंगा मी आठ वर्षांपूर्वी घेतली आणि पहिली दोन वर्षे तीच चूक केली, जी करण्याची परवानगी लोक माझ्याकडे मागतात. आठवडाभर ताडपत्रीखाली ठेवायची आणि रविवारी सकाळी त्र्यंबकपर्यंत नेऊन आणायची. त्या दोन वर्षांत गाडीने मला जेवढे छळले तेवढे नंतरच्या सहा वर्षांत मिळूनही छळलेले नाही. कारण साधे आहे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते, आणि गाडी उभी राहिली की ते पाणी व्हील सिलिंडरच्या, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाच्या, आत गंज चढवते. मग एका चाकाचा पिस्टन अडकतो आणि ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या, इतक्या वजनाच्या गाडीत हे अंजनेरीच्या अलीकडे, समोरून एसटी येत असताना कळणे मुळीच आनंददायक नसते. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल आठवडाभरात उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, बुजवतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. तेही पाणी ओढते, आणि गाडीतल्या इंधनपंपाचा जुन्या रबराचा पडदा त्याने फुगून मऊ पडतो. आपल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात तर उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर झिजते, असे मी अनुभवावरून म्हणतो.

तिसऱ्या वर्षी माझी दुसरी गाडी विकावी लागली आणि नाइलाजाने जोंगा रोज सातपूरला नेऊ लागलो. नाशिकच्या ‘उपनगर’ या भागातून द्वारका, मुंबई नाका, त्र्यंबक नाका आणि पुढे औद्योगिक वसाहतीतले माझे वर्कशॉप, असे एका बाजूने तेरा-चौदा किलोमीटर होतात. चार महिन्यांत गाडी सुधारली. गळती कमी झाली, ब्रेक सरळ लागू लागले, आणि सकाळी चोक ओढून दुसऱ्या सेल्फला इंजिन सुरू होऊ लागले. फारसे काही नवीन बसवले नव्हते. पडदा आणि सील बदलले, बाकी फक्त रोजचा वापर.

त्याच काळात देवळाली कॅम्पमध्ये चहा घेत असताना एक निवृत्त सुभेदार गाडीजवळ आले. तरुणपणी तोफखान्यात त्यांनी हीच गाडी चालवली होती. ‘साहेब, पॉइंट मारतंय तुमचं,’ एवढेच म्हणून त्यांनी मला न विचारता बॉनेट उघडले, डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली आणि माझ्या खिशातले व्हिजिटिंग कार्ड मागितले. त्याच्या कडेने पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, पुसले, मग तेच कार्ड दोन पॉइंटांच्या मध्ये धरून स्क्रू आवळला, कार्ड किंचित घासत बाहेर येते ना हे पाहिले, आणि टोपी लावली. पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. गॅरेजमध्ये इंजिनाच्या याच अडखळण्यासाठी मला कार्ब्युरेटर बदलायला सांगितले होते. लष्करी गाडीचे खरे मोल मला त्या दिवशी कळले. आडरानात, अंधारात, हातात आहे तेवढ्या पान्यांवर साध्या शिपायाने ती चालू करावी, अशा हिशेबाने ती बनलेली आहे. ती शोभेची वस्तू म्हणून बनलेलीच नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणे फसवणूक होईल. पाचच्या ॲव्हरेजने आणि शंभरीच्या पुढच्या पेट्रोलने मला दिवसाला जवळजवळ सहाशे रुपये, म्हणजे महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास खर्च येतो. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे उभ्या गाडीचे चाक वळवताना खांदे बोलतात. भद्रकालीच्या गल्ल्यांत ती नेण्याचा विचारही मी करत नाही. मे महिन्यात द्वारकेच्या चौकात दहा मिनिटे अडकलो, की इंधनपंपातच पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन आचके देऊन थांबते. तो पंप गार करण्यासाठी सीटखाली ओले फडके आणि पाण्याची बाटली कायम असते, आणि मागचे लोक काय म्हणतात ते ऐकण्याची सवयही लागते. धूर आजच्या गाड्यांहून जास्त आहे. पीयूसी मिळते म्हणून तो कमी होत नाही. अपघात झाला तर आजच्या गाडीचा पुढचा भाग चुरगळून धक्का स्वतःवर घेतो. माझ्या गाडीचे पोलाद चुरगळत नाही, धक्का माणसाकडे पोचवते. म्हणून आईला घेऊन मी या गाडीतून महामार्गावर जात नाही आणि साठच्या वर काटा नेत नाही.

कायद्याचा भाग मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो, आणि त्यात गंमतही आहे. लिलावातून घेतलेली गाडी ‘आर्मीच्या रंगात’ ठेवायची हौस असेल तर ती सोडून द्यावी: केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. माझी गाडी म्हणूनच राखाडी आहे. त्यावर तोफांची स्टिकर आणि तारे चिकटवणाऱ्यांविषयी माझे मत मी इथे लिहीत नाही. दुसरा मुद्दा २०२१ च्या नियमांचा. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पण एकदा ती पाटी लागली की गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर पडू शकते. वारसा जपण्याचा हेतू चांगला आहे, हे मान्य. तरी ज्या वापरामुळे ही यंत्रे जिवंत राहतात नेमका तोच वापर त्यात बाद ठरतो. मी साध्या नोंदणीवर राहिलो, दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नूतनीकरण करतो आणि त्याचे पैसे कुरकुर करत का होईना भरतो. मूळ इंजिन काढून डिझेल बसवणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण पेट्रोलचा हिशेब मलाही कळतो. मात्र बदललेले इंजिन आरसी बुकावर चढवलेले नाही अशी गाडी कोणी स्वस्तात देत असेल, तर ती स्वस्त पडत नाही.

तेव्हा माझे उत्तर असे: रोज चालवण्याइतका पैसा, वेळ आणि हात काळे करण्याची तयारी असेल तरच जोंगा घ्यावी, आणि रविवारसाठी हवी असेल तर घेऊ नये. ज्यांना हे पटत नाही त्यांना मी एकच सांगतो की मे महिन्यात एक आठवडा सकाळी साडेआठला उपनगरला यावे, सातपूरपर्यंत जाता-येता गाडी स्वतः चालवावी, पेट्रोल स्वतः भरावे आणि ओले फडकेही स्वतः पिळावे. आजवर दोघे येऊन गेले. एकाने तीन दिवस काढले, दुसऱ्याने दोन. त्या दुसऱ्याने गेल्या दिवाळीत गाडी घेतली, ती ऑटोमॅटिक.