उंची नका सांगू, इनसीम सांगा

जळगाव-धुळे पट्ट्यातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. गोव्याच्या ७०.३ ची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा ट्रायथलॉनची तयारी सुरू झाली की कुणीतरी तो पुन्हा ढकलतो. मजकूर असा: ट्राय बाइक (ट्रायथलॉनची सायकल) घेताना उंची १७२ सेंटिमीटरपर्यंत असेल तर एस, १७२ ते १७९ ला एम, त्यापुढे एल. थोडं इकडेतिकडे झालं तर स्पेसर (हँडल वर उचलणाऱ्या चकत्या) आणि स्टेमने (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) जुळतं. गुडघा पेडलच्या बरोबर वर यायला हवा. हँडल जितकं खाली तितका वेग. आणि बजेट नसेल तर रोड बाइकला एअरोबार (कोपर टेकवून पुढे वाकायचे दांडे) लावा, झाली ट्राय बाइक. खाली हात जोडलेले. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार, पण यावर विसंबून माझ्या मावसभावाने दीड लाख रुपये घातले. म्हणून उत्तर देतो.

आधी उंचीचं बघू, कारण सगळी गडबड तिथेच आहे. मी १७३, मावसभाऊही १७३. लग्नाच्या फोटोत खांद्याला खांदा लागतो. पंगतीत मांडी घालून बसलो की मात्र मी त्याच्यापेक्षा तीन बोटं वर दिसतो. माझी इनसीम, म्हणजे पायाची आतली लांबी, ७९ सेंटिमीटर, त्याची ८४. साधा शिंपीसुद्धा पँट शिवताना उंची विचारत नाही, टेप लावतो. दीड लाखाची वस्तू घेताना आपण मात्र आधार कार्डाच्या फोटोएवढा विचार करतो.

इनसीम मोजायची ती अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखं वर घट्ट दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. पँटच्या लेबलवरचा आकडा धरू नका, तो कमीच भरतो. सायकलपटू ग्रेग लेमाँडमुळे गाजलेला हिशेब आहे: इनसीम गुणिले ०.८८३, की बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं. हा शेवटचा शब्द नाही, सुरुवात करायला पुरतो. माझं उत्तर ६९.८, त्याचं ७४.२. एकाच उंचीची दोन माणसं आणि सीटमध्ये ४.४ सेंटिमीटरचा फरक.

आता पुढचं बघा. तो ४.४ सेंटिमीटर वर बसणार, म्हणजे माझ्याइतकंच वाकायचं असेल तर त्याचे कोपर टेकायचे पॅडही तितकेच वर हवेत. शिवाय त्याचं धड आखूड, म्हणून पॅड जवळ हवेत. त्याला उंच आणि आखूड फ्रेम लागते, मला बुटकी आणि लांब. मेसेज दोघांनाही ‘एम’ देतो.

फ्रेमचं खरं माप दोन आकड्यांत असतं, स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या, हँडलखालच्या नळीच्या) माथ्यापर्यंत सरळ वर किती, तो स्टॅक. सरळ पुढे किती, तो रीच. एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एमशी जुळेलच असं नाही, आणि हे आकडे प्रत्येक बऱ्या कंपनीच्या तक्त्यात असतात. जुनी बाइक घेत असाल आणि तक्ता मिळत नसेल तर घरी मोजा. सपाट फरशीवर बाइक सरळ उभी करा, पुढचं चाक भिंतीला टेकवा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर घ्या, हेडट्यूबच्या माथ्याच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं घ्या, वजाबाकी केली की रीच. दोन्ही बिंदूंची जमिनीपासून उंची घेऊन वजाबाकी केली की स्टॅक. गवंड्याचा ओळंबा जवळ असेल तर उत्तमच. आम्ही अंगणात भरताच्या वांग्यांच्या टोपलीशेजारी हे केलं, दहा मिनिटं लागली. बाइक घेऊन झाल्यावर केलं, एवढंच चुकलं.

“स्पेसरने जुळतं” हे मावसभावाने अक्षरशः करून पाहिलं. त्याची फ्रेम बुटकी आणि लांब निघाली, म्हणजे खरं तर माझी. पॅड वर आणायला खाली होते नव्हते तेवढे स्पेसर घातले, वर तोंड करणारा आखूड स्टेम लावला. तरी पॅड दूरच. मग तो नकळत सीटच्या टोकावर सरकायचा आणि मान वर करून रस्ता बघायचा. धुळ्याहून कुसुंब्यापर्यंत जाऊन आला की त्याचा फोन ठरलेला: “मनी मान दुखस रे भाऊ.” स्पेसरने एक-दोन सेंटिमीटर जुळतं, नाही असं नाही. पण कार्बन स्टिअररवर, म्हणजे हँडलखालच्या फिरत्या नळीवर, किती स्पेसर चालतील याची मर्यादा कंपनीने घातलेली असते, आणि स्टेम फार आखूड झाला की हँडल बुजऱ्या बैलासारखं वागतं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. त्या बाजूच्या आडव्या वाऱ्यात असं हँडल नको.

गुडघा पेडलच्या वर येण्याचा नियम ट्राय बाइकला लागूच होत नाही. रोड बाइकची सीटखालची नळी जमिनीशी ७३ अंशांच्या आसपास कोन करून मागे कललेली असते. १९८९ साली डॅन एम्पफील्ड यांनी क्विंटाना रू कंपनीची सुपरफॉर्म ही ट्राय बाइक आणली, तिची ही नळी ८० अंशांच्या जवळ उभी होती. घड्याळाचा काटा पुढे सरकवावा तसं सगळं शरीर बॉटम ब्रॅकेटभोवती पुढे फिरवायचं, म्हणजे छाती खाली गेली तरी मांडी आणि पोटातला कोन मोकळा राहतो. असं केलं की गुडघा पेडलच्या पुढे जाणारच. ओळंबा लावून तो मागे आणाल तर ट्राय बाइक घेतलीच कशाला?

रोड बाइकला एअरोबार लावण्याचं उत्तरही यातच आलं. सीट मागेच ठेवून कोपर पुढे टाकले की गुडघे पोटात येतात. सीट पुढे घ्यावी तर बाइक आखूड पडते आणि वजन पुढच्या चाकावर येतं. ऑलिम्पिक अंतराच्या ट्रायथलॉनमधल्या ४० किलोमीटरला चालून जाईल, मी स्वतः चालवलंय.

राहिलं “खाली म्हणजे वेगात”. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त नडतं. लेमाँडने १९८९ च्या तूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी एअरोबार लावून लॉराँ फिन्योंला एकूण ८ सेकंदांनी हरवलं, हे खरं. पण त्या दिवसाचा टप्पा २४.५ किलोमीटरचा होता आणि तो सत्तावीसएक मिनिटंच त्या अवस्थेत होता. तुम्हाला ९० किलोमीटर, म्हणजे ताशी ३० ने तीन तास जायचंय आणि उतरून २१ धावायचंय. दर पाच मिनिटांनी उठून बसावं लागत असेल तर खाली जाऊन वाचवलेलं सगळं तिथेच सांडतं. दोन-तीन सेंटिमीटर वर राहून डोकं खांद्यांत ओढून घेतलेलं अनेकदा बरं पडतं.

आणि खाली जायचंच असेल तर आधी क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा बघा. १७२.५ च्या जागी १६५ मिलिमीटरचा घातला आणि सीट साडेसात मिलिमीटर वर घेतली, तर पेडल वर असताना गुडघ्याला पंधरा मिलिमीटर मोकळीक मिळते. लांब क्रँकने ताकद वाढते ही समजूत आपल्याकडे फार. २००१ मध्ये संशोधक जिम मार्टिन यांनी १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंतचे क्रँक तपासले, तेव्हा १४५ आणि १७० मध्ये जास्तीत जास्त ताकदीत नाव घेण्यासारखा फरक आढळला नाही.

मावसभावाला शेवटी मीच ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच पेडल मारायच्या स्टँडवर बसवलं. माझी जुनी रोड बाइक, सीट पुढे ढकललेली, पॅडखाली लाकडाचे ठोकळे. बाजूला स्टुलावर मोबाइल ठेवला. वीस मिनिटं पेडल मारू दिलं, कारण पहिली पाच मिनिटं प्रत्येकजण कॅमेऱ्यासाठी बसतो. घाम गळायला लागल्यावर तो जिथे स्थिरावला तिथले पॅड बॉटम ब्रॅकेटपासून किती वर आणि किती पुढे, एवढं लिहून घेतलं. आता तो बाइक बघतो ती त्या दोन आकड्यांवरून. जुनी फ्रेम विकायला काढली आहे. माझ्याच मापाची आहे, पण नात्यात व्यवहार नको म्हणून मी घेत नाही. कुणाला हवी असेल तर सांगा, फक्त उंची कळवू नका.